कर्जाच्या कागदाचा इतिहास

परवां संध्याकाळीं एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही चारपांच मंडळी चहाला जमलों होतों. त्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत शेतकऱ्यांच्या कर्जमाफीच्या मागणीची बातमी ठळक अक्षरांत आलेली होती; त्यामुळें बोलणें साहजिकच तिकडे वळलें. एक गृहस्थ म्हणाले, “कर्ज काढावयाचें, तें लग्नकार्यांत उडवावयाचें, आणि फेडण्याची वेळ आली म्हणजे सरकारच्या दारांत जाऊन बसावयाचें, असल्या संवयीला माफी हें औषध नव्हे.” दुसरे गृहस्थ उसळून म्हणाले, “शेतकरी बिचारा निरपराध आहे. त्याचें रक्त शोषतो तो सावकार. त्याला आवरा, म्हणजे सारें सुरळीत होईल.” चहा संपेपर्यंत वाद चालला, आणि असल्या वादांचा जो शेवट व्हावयाचा तोच होऊन मंडळी आपापल्या घरीं गेली.

मला नवल वाटलें तें त्या दोन मतांचें नव्हे, त्यांच्या वयाचें. हीं दोन्हीं मतें आज दीडशें वर्षांचीं आहेत. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले आणि त्यांची चौकशी करण्यास सरकारनें एक कमिशन नेमलें. त्या कमिशनपुढेंहि हींच दोन मतें होतीं. कमिशननें तीं तपासलीं आणि दोन्हीं अपुरीं ठरविलीं. तरीहि आपण तीं अजून चहाबरोबर घेत आहों! रोग्याचे जुने कागद घरांत असतां ते न उघडतांच वैद्यानें दरवेळीं नव्यानें निदान करूं लागावें, तसा हा प्रकार आहे. आज आपल्या अनुज्ञेनें ते जुने कागद मी थोडे उघडून पाहणार आहें.

सुपें हें गांव आज बारामती तालुक्यांत आहे. त्या काळीं तें भीमथडी तालुक्यांत मोडत असे. भोंवतालच्या कोरडवाहू मुलुखाचा बाजार तेथें भरे. १२ मे १८७५ हा त्या बाजाराचा दिवस होता. शेतांत काम नाहीं, पाऊस अद्याप दूर, आणि पंचक्रोशींतील कुणबी गांवांत जमलेले. त्या दिवशीं जमावानें गुजर सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. दुकानें लुटलीं गेलीं हें खरें. परंतु जमावाचा खरा रोख धान्यावर किंवा कापडावर नव्हता. तो होता कर्जरोख्यांवर. घराघरांतून रोखे, खतें आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यांत आली.

पुढील कांहीं आठवड्यांत हें लोण पुणें जिल्ह्यांतील शिरूर, इंदापूर व हवेली ह्या तालुक्यांत, आणि नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें, कर्जत ह्या बाजूला पसरलें. तीसाहून अधिक गांवीं असे प्रकार घडले. बंदोबस्तासाठीं लष्कर बोलवावें लागलें. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ माणसें पकडण्यांत आलीं आणि त्यांपैकीं ५०१ जणांना शिक्षा झाल्या. परंतु चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट विशेष जाणवली. सावकारानें आपण होऊन रोखे हवालीं केले कीं बहुतेक ठिकाणीं जमाव परत फिरे. माणसाच्या जिवावर उठण्याची बुद्धि त्यांत क्वचितच दिसली.

ह्या दंग्यांच्या आधीं कांहीं महिने, १८७४ च्या डिसेंबरांत, शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं त्यांचें बीज पडलें होतें. काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख ह्यांच्याविरुद्ध सुमारें दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळविला, आणि त्याच्या बजावणींत देशमुखांचें राहतें घर पाडलें. गांवाला तें सहन झालें नाहीं. लोकांनीं सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची जमीन कोणी कसावयाची नाहीं, न्हाव्यानें हजामत करावयाची नाहीं, पाणक्यानें पाणी भरावयाचें नाहीं, असें ठरलें, आणि हा बहिष्कार आसपासच्या गांवांतून पसरत गेला. पुढें सुप्यास जें झालें त्याची पूर्वतयारी अशी शांतपणें चालली होती.

आतां आपल्यापुढें खरा प्रश्न उभा राहतो. ज्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, अशा माणसांनीं नेमका कागदच कां जाळावा? धान्य लुटणारा भुकेलेला असतो. तिजोरी फोडणारा लोभी असतो. परंतु न वाचतां येणारा कागद शोधून शोधून जाळणारा मनुष्य आपल्याला कांहीं निराळें सांगत असतो. तें काय, हें समजून घेण्यासाठीं आर्थिक इतिहासाकडेच वळावें लागतें. राजे आले आणि गेले हें बखरी सांगतात. परंतु कर्ज कोणत्या अटीवर मिळे, सारा कोणत्या नाण्यांत भरावा लागे, आणि पाऊस पडला नाहीं तर तोटा कोणाच्या पदरांत पडे, हें सांगावयास सारावसुलीचीं दप्तरें आणि दिवाणी कोर्टाच्या फायलीच लागतात.

पेशवाईंतील खेड्यांतहि सावकार होता आणि कर्जहि होतें. तो काळ सुवर्णयुगाचा होता असें मानण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत महालांच्या वसुलीचे मक्ते दिले जात आणि मक्तेदार रयतेला पिळून काढीत. १८०३-०४ च्या दुष्काळानें आणि त्या वेळच्या लुटालुटीनें गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. परंतु सावकार आणि कूळ ह्यांच्या नात्याला एक मर्यादा होती. वसुली व्हावयाची ती पाटील, पंचायत आणि गांवची रीतभात ह्यांच्या डोळ्यांदेखत. मिरासी जमीन कर्जापायीं सहजासहजीं सावकाराच्या नांवावर चढत नसे. दामदुपटीचा नियम होता. म्हणजे व्याजाची रक्कम मुद्दलाहून अधिक मागतां येत नसे. सावकाराला कूळ जगवावें लागे, कारण कूळ देशोधडीला लागलें कीं त्याचें येणें बुडालेंच.

इंग्रजी अंमलांत तीन गोष्टी बदलल्या. त्यांतील एकहि शेतकऱ्याचें वाईट व्हावें म्हणून केलेली नव्हती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पहिली गोष्ट साऱ्याची. रयतवारी पद्धतींत सरकार आणि खातेदार ह्यांचा संबंध सरळ जोडला गेला. इंदापुराकडे प्रिंगलसाहेबांनीं बसविलेली पहिली आकारणी इतकी जड ठरली कीं लोकांनीं जमिनी सोडल्या. मग १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनीं नवी मोजणी केली, दर उतरविले, आणि ते तीस वर्षें कायम ठेवले. ही पद्धत पहिलीपेक्षां सौम्य होती. पडित जमिनी लागवडीस आल्या, लोकवस्ती वाढली. परंतु तिच्यांत एक कठोर तत्त्व होतें. सारा पिकावर नव्हता, जमिनीवर होता. पीक सोळा आणे येवो अथवा चार आणे येवो, ठरलेल्या हप्त्याला ठरलेले रुपये रोख भरावयाचे. दख्खनचा पाऊस मात्र सरकारच्या तारखा पाळीत नसे. उत्पन्न अनिश्चित आणि देणें निश्चित; ह्या दोहोंमधील खिंडार दरवर्षीं कोणीतरी भरावयाचें. तें भरणारा एकच मनुष्य गांवांत होता, आणि तो म्हणजे सावकार. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्यें इंदापुरास आणि पुढें भीमथडीस फेर आकारणी झाली, तेव्हां सारा निम्म्याहून अधिक वाढविण्यांत आला.

दुसरी गोष्ट कोर्टाची. पूर्वीं गांवाच्या दृष्टीपुढें होणारी वसुली आतां दूरच्या दिवाणी कोर्टांत होऊं लागली. ह्या कोर्टाचा न्यायाधीश बहुधा प्रामाणिक असे; परंतु तो पाही कागदाकडे. रोखा अस्सल आहे, अंगठा किंवा निशाणी कुळाची आहे, मुदत टळलेली नाहीं, एवढें जुळलें कीं हुकूमनामा होई. मूळ रक्कम किती, धान्य कोणत्या भावानें मोजून दिलें, मधल्या काळांत कुळानें काय काय भरलें, हें विचारण्याचें त्याला कारण नव्हतें. कूळ बहुधा हजरच होत नसे. समन्स हातीं पडलें तरी तालुक्याला जाणें, वकील देणें, आणि आपणच केलेली निशाणी नाकारणें ह्यांतलें त्याला काय साधणार? मग निकाल एकतर्फी होई. विंगेटसाहेबांनीं १८५२ मध्येंच सरकारला इशारा दिला होता कीं नव्या कोर्टांमुळें सावकार व रयत ह्यांचें जुनें नातें पार पालटलें आहे.

त्यांतच १८५९ सालीं मुदतीचा कायदा झाला. साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आंत दावा केला पाहिजे, असें त्यानें ठरविलें. हेतु असा कीं जुनींपुराणीं येणीं उकरून काढून कुळाला छळतां येऊं नये. परिणाम नेमका उलटा झाला. दर तीन वर्षांनीं सावकार कुळाला बोलावी आणि मुद्दल व थकलेलें व्याज मिळून नवा रोखा लिहून घेई. एक साधें गणित करून पाहूं. शंभर रुपये, दरमहा शेंकडा दोन रुपये व्याज. कुळाकडून कांहींच भरणा झाला नाहीं, तर तीन वर्षांनीं १७२ रुपयांचा रोखा; सहा वर्षांनीं सुमारें २९६ रुपयांचा; नऊ वर्षांनीं सुमारें ५०९ रुपयांचा. दामदुपटीचा नियम कागदोपत्रीं कायम होता. परंतु प्रत्येक नव्या रोख्यांत कालचें व्याज आजचें मुद्दल होऊन बसे, आणि दुपटीची मोजणी पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. रक्षणासाठीं केलेला कायदा असा फांस झाला. अंगठा उठवणाऱ्याला हें गणित मांडतां येत नसलें तरी त्याचें फळ समजत होतें. त्याचें घर, बैल आणि जमीन ज्या शक्तीच्या जोरावर जात होतीं ती शक्ति सावकाराच्या अंगांत नव्हती, सावकाराच्या पेटींतील कागदांत होती. सुप्याच्या जमावानें नेमकें तेंच ओळखलें होतें.

तिसरी गोष्ट बाजाराची. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस इंग्लंडांतील गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सुपें-शिरूरकडे कापूस फारसा पिकत नव्हता. तथापि त्या पैशाच्या पुरांत सर्वच जिनसांचे भाव वाढले. त्याच सुमारास भोर घाटांतील रेल्वेचें काम चालू होतें, तें १८६३ मध्यें पुरें झालें. मजुरीचे आणि गाडीभाड्याचे पैसे खेड्यांत आले. शेतकऱ्याची पत वाढली, सावकार मागेल तितकें देऊं लागला. मग युद्ध संपलें, मुंबईचे शेअर कोसळले, रेल्वेचें काम संपलें, धान्याचे भाव उतरले. भाव उतरले, पण चढत्या भावाच्या दिवसांत लिहिलेल्या रोख्यांवरील आंकडे उतरले नाहींत. आणि नेमक्या अशा वेळीं सारा वाढला.

श्रोतेहो, ह्या तीन धाग्यांची गांठ म्हणजे १८७५ चा दंगा. आतां माझ्या स्नेह्यांच्या घरच्या पहिल्या गृहस्थांकडे वळूं. लग्नाच्या खर्चाचें काय? कमिशननें आपल्या १८७६ च्या अहवालांत ह्या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट दिलें आहे. लग्नकार्यांच्या खर्चाला कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें गेलें आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानानें तो खर्च मोठा दिसतो. परंतु तसे प्रसंग वर्षांनुवर्षांतून एकदां येतात. कर्ज फुगतें तें लहानसहान रकमांनीं: पोटाला धान्य, पेरणीला बीं, बैलाची जोडी, आणि सरकारचा हप्ता. नगर जिल्ह्यांतील निवडक बारा गांवांची पाहणी केली तेव्हां सुमारें एक-तृतीयांश खातेदार कर्जांत बुडालेले आढळले. त्यांचें कर्ज सरासरीनें साऱ्याच्या अठरापट होतें, आणि त्या कर्जापैकीं जवळजवळ दोन-तृतीयांश जमिनीच्या गहाणावर होतें. वरात तर एका दिवसाची असते. तिच्या वाजंत्रीनें एवढा डोंगर उभा राहत नाहीं.

दुसऱ्या गृहस्थांनाहि इतिहास फारसें समाधान देत नाहीं. सावकार हा कांहीं कल्पनेंतला राक्षस नव्हता. दुष्काळाच्या वर्षीं सारा भरून कुळाची जमीन वांचविणारा तोच असे, आणि बुडित खात्याची जोखीम तो व्याजांत धरी. शिवाय एक अवघड सत्य ह्याच चौकशींत बाहेर आलें. लोकांचा रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. ब्राह्मण सावकार बहुतांशीं वांचले. रोखा सगळ्यांचा सारखाच होता, व्याजहि फारसें निराळें असण्याचें कारण नव्हतें. परंतु परका मनुष्य दोष द्यावयास सोपा असतो. आपत्तीचें कारण व्यवस्थेंत न शोधतां एखाद्या जातीच्या किंवा प्रांताच्या माथीं मारण्याची खोड तेव्हांहि होती, आणि ती आज नाहीशी झाली आहे असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं.

ह्या चौकशीचा उपयोग काय झाला? अहवाल तयार होत असतांनाच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. पुढें १८७९ मध्यें पुणें, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा विशेष कायदा झाला. त्या काळाच्या मानानें तो विलक्षण होता. न्यायाधीशानें कागदावर न थांबतां कागदाच्या पाठीमागें जावें, देवघेवीचा आरंभापासूनचा हिशेब तपासावा, वाजवी व्याज ठरवावें, हप्ते बांधून द्यावे, कर्जासाठीं शेतकऱ्याला कैदेंत टाकूं नये, आणि स्पष्ट गहाण नसेल तर त्याची जमीन विकूं नये, अशीं कलमें त्यांत होतीं. सुप्याच्या जमावानें जें आगीनें केलें होतें तें आतां कायद्यानें करूं पाहिलें.

परंतु ह्या कायद्यानें कर्जाचा कागद सुधारला, कर्जाची गरज नव्हे. पाऊस पूर्वीसारखाच लहरी राहिला आणि हप्ता पूर्वीसारखाच ठराविक. सावकारांनीं नवी वाट काढली. गहाणखताच्या जागीं खरेदीखत लिहून घेऊं लागले, म्हणजे तपासावयास कर्जच उरलें नाहीं. कांहीं जुने सावकार मागें सरले, त्यांच्या जागीं गांवांतीलच सधन शेतकरी कर्ज देऊं लागले. सावकाराचें नांव आणि जात बदलली, व्यवहार तोच राहिला.

हें वैगुण्य ओळखणारी माणसें तेव्हांहि होतीं. सर विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं १८८२-८३ च्या सुमारास पुरंदर तालुक्यासाठीं शेतकी पेढीची योजना मांडली. जुनीं कर्जें तडजोडीनें मिटवावीं आणि पुढें शेतकऱ्याला वाजवी व्याजानें भांडवल मिळावें, असा तिचा आशय होता. हिंदुस्थान सरकारनें ती उचलून धरली. लंडनमधील भारतमंत्र्यांनीं मात्र ती मान्य केली नाहीं. त्याच वर्षीं, १८८३ मध्यें, जोतीराव फुले ह्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सरकारी कामगार, भटशाही आणि सावकारी ह्यांच्या कचाट्यांतील कुणब्याची स्थिति मांडली. पुरंदरची पेढी निघाली असती तर काय झालें असतें हें सांगणें इतिहासाचें काम नाहीं. परंतु सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा व्हावयास त्यानंतर १९०४ साल उजाडलें. आणि १९५१-५२ च्या सुमारास स्वतंत्र हिंदुस्थानांत ग्रामीण पतीची देशव्यापी पाहणी झाली तेव्हां शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा ३ च्या आसपास भरला. शेंकडा ७० च्या आसपास कर्ज अजून सावकारांचेंच होतें. म्हणजे १८७९ च्या कायद्यानंतर सत्तर वर्षें लोटलीं तरी ती उणीव भरून निघाली नव्हती.

मध्यंतरीं जमिनीचें काय होत होतें हें पाहण्यासाठीं पुण्याजवळच्या एका खेड्यांत जाऊं. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील हॅरॉल्ड मॅन ह्यांनीं पिंपळें सौदागर ह्या गांवाची बारीक पाहणी करून १९१७ मध्यें ती प्रसिद्ध केली. तेथील खातेदाराची सरासरी जमीन १७७१ मध्यें ४० एकर होती, १८१८ मध्यें ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१४-१५ मध्यें सात एकरांवर. गांवांतील १०३ कुटुंबें त्यांनीं तपासलीं; केवळ शेतीवर ज्यांचें ठीक चालतें अशीं फक्त ८ निघालीं. आणखी २८ कुटुंबें बाहेरच्या मजुरीच्या जोरावर तग धरून होतीं. उरलेल्या ६७ कुटुंबांचा खर्च उत्पन्नांत भागत नव्हता. ज्या घरांत पीक चांगलें आलें तरी जमाखर्चाचीं तोंडें मिळत नाहींत, तेथें कर्ज हा दुर्गुण नसून नित्याचा व्यवहार होतो. आपल्यापैकीं कांहींजण कदाचित् त्याच पिंपळें सौदागरांतील एखाद्या उंच इमारतींत बसून हें भाषण ऐकत असतील. त्या पायाखालच्या जमिनीची ही जुनी कुंडली आहे.

आतां आजच्या स्थितीकडे येऊं. येथें सावधगिरी हवी, कारण इतिहास हा कांहीं ठसा नव्हे कीं तो जसाच्या तसा आजवर उमटावा. शेतसारा आज नाममात्र आहे. कर्जासाठीं घर पाडणारा काळूराम आज कायद्यापुढें उभा राहूं शकणार नाहीं. बँका आहेत, सहकारी सोसायट्या आहेत, पीकविमा आहे. २०१४ च्या राज्याच्या कायद्यानें बेकायदा सावकारींत बळकावलेली जमीन परत देवविण्याचा अधिकारहि निबंधकांना दिला आहे. १८७९ च्या न्यायाधीशाप्रमाणें त्यांनाहि कागदाच्या पाठीमागें जातां येतें.

परंतु मूळ गांठ सुटली आहे काय? साऱ्याची जागा आतां बियाणें, खतें, औषधें, विहिरीचा खर्च, मुलांची फी आणि दवाखान्याचें बिल ह्यांनीं घेतली आहे. हीं सारीं देणीं ठराविक आणि रोख. उत्पन्न मात्र पाऊस आणि बाजारभाव ह्यांच्या हातीं. देशांतील शेतकरी कुटुंबांची जी सरकारी पाहणी २०१९ मध्यें झाली तींत शेंकडा ५०.२ कुटुंबें कर्जदार आढळलीं, आणि कुटुंबामागें सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये भरलें. बारा गांवांच्या त्या जुन्या आंकड्यांशीं ह्याची सरळ तुलना करतां येणार नाहीं. तथापि कर्ज ही अपवादाची गोष्ट नाहीं, एवढें त्यावरून उघड होतें. आपल्या खेड्यांत ‘नवें-जुनें करणें’ असा एक वाक्प्रचार आहे. सोसायटीचें पीककर्ज थकूं नये म्हणून चार दिवसांसाठीं बाहेरून पैसे उचलावयाचे, जुनें खातें मिटवावयाचें, आणि लगेच नवें कर्ज घेऊन बाहेरच्याचें देणें भागवावयाचें. १८५९ नंतरचा तीन वर्षांचा रोखा आणि हें नवें-जुनें ह्यांत दीडशें वर्षांचें अंतर आहे; पण दोन्हींकडे कर्ज फिटत नाहीं, फक्त कागद तरुण होतो.

कर्जमाफीचा विचार ह्या प्रकाशांत करून पाहा. २००८ मध्यें केंद्रानें, २०१७ मध्यें आणि पुन्हां २०१९ मध्यें राज्यानें कर्जमाफी दिली. बुडणाऱ्याला हात देणें हा दोष नव्हे, आणि ज्यांच्या घरांत त्या पैशानें चूल पेटली त्यांच्यापुढें त्याची निंदा करणें मला जमणार नाहीं. परंतु २००८ च्या योजनेंत दोन हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना पूर्ण माफी नव्हती, ठराविक सवलत होती. विदर्भांतील कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन एकरांनीं अधिक आणि उत्पन्नानें कमी, त्यामुळें पुष्कळजण बाहेर राहिले. खाजगी सावकाराचें देणें तर ह्या तिन्ही माफींत मिटलें नाहीं. बारा वर्षांच्या आंत तीनदां माफी द्यावी लागते, ह्याचा अर्थ शेतकरी लबाड आहे असा नव्हे; आपण पुन्हां एकदां कागद मिटविला आणि कारण तसेंच ठेवलें, असा आहे.

एक फरक मात्र माझ्या मनाला सारखा टोंचत राहतो. १८७५ च्या कुळाच्या पाठीशीं गांव होता. देशमुखांचें घर पडलें तें न्हाव्याला आणि पाणक्याला आपलें वाटलें. आज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची देशांतील सर्वांत अधिक नोंद वर्षानुवर्षें आपल्या महाराष्ट्रांत होत आली आहे. त्या प्रत्येक दुःखाचें कारण केवळ कर्ज आहे असें कोणीहि जाणता मनुष्य म्हणणार नाहीं. पण आजचा कर्जदार आपल्या थकबाकीच्या नोटिशीपुढें एकटा असतो, ती चारचौघांपासून लपवितो, आणि तिची लाज स्वतःच्याच वागण्याची म्हणून सोसतो, हें आपल्याला ठाऊक आहे. त्या लाजेंत आपल्या चहाच्या बैठकींतील वाक्याचा वांटा किती, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा. जो दोष १८७६ च्या परक्या अधिकाऱ्यांनींहि कुणब्याच्या पदरीं पूर्णपणें घातला नाहीं, तो आपण त्याचेच भाऊबंद सहज घालीत असतों.

म्हणून आर्थिक इतिहास वाचावयाचा. तो तयार उपाय सांगत नाहीं. पण कोणते उपाय एकदां करून झाले आहेत आणि ते कोठें अडले, हें सांगतो. पुढच्या वेळीं कोणाच्याहि घरीं हा विषय निघाला, तर मत देण्याआधीं तीन प्रश्न विचारून पाहावे. हा कर्जाचा कागद कोणत्या अटींवर लिहिला गेला? पाऊस किंवा भाव कोसळला तर तोटा कोणीं सोसावा असें त्यांत ठरलें आहे? आणि हा कागद मिटला, तर पुढच्या पेरणीला पैसा कोठून येणार आहे? ह्यांतल्या तिसऱ्या प्रश्नाशीं १८७९ चा कायदा अडला, आणि आपणहि अजून तेथेंच अडलों आहों.